पाऊस किती लांबीचा असतो?

सुमारे २ मिलिमीटर व्यासाचा पावसाचा थेंब सेकंदाला साधारण साडेसहा मीटर वेगाने खाली येतो. कॅमेऱ्याचे शटर सेकंदाच्या साठाव्या भागापुरते उघडे राहिले, तर तेवढ्यात तो जवळजवळ ११ सेंटिमीटर अंतर कापतो आणि फोटोत तेवढ्या अंतराची रेघ उमटते. शटर सेकंदाचा तिसावा भाग उघडे ठेवले की रेघ दुप्पट होते. हजाराव्या भागावर आणले की ती पाऊण सेंटिमीटरच्याही आत येते आणि पाऊस हवेत सांडलेल्या ठिपक्यांसारखा दिसू लागतो. यातला खरा पाऊस कोणता? तिन्ही खरे आहेत. पावसाची लांबी ढग ठरवत नाही, फोटो काढणारा ठरवतो. हलत्या वस्तूचा किंवा हवामानाचा फोटो काढणे म्हणजे किती काळ चित्रात घ्यायचा याचा निर्णय घेणे. हौशी छायाचित्रकारांच्या बैठकांत आणि स्पर्धांत मात्र ‘फोटो हलला आहे’ हा शेरा अनेकदा अखेरचा निकाल ठरतो. गती आणि हवामान यांच्या बाबतीत हा निकष अपुरा आहे. फोटो हलला की नाही याआधी, तो किती आणि कशासाठी हलला, हे विचारायला हवे. हा प्रश्न विचारण्यासाठी हौशी लोकांच्या कॅमेरा क्लबइतकी योग्य जागा दुसरी नाही.

अपुऱ्या निकषाचाही मान मोठा का, हे इतिहासातून कळते. छायाचित्रणाच्या सुरुवातीला गती चित्रात येतच नसे. डागेरने १८३८ मध्ये पॅरिसच्या एका गजबजलेल्या रस्त्याचे चित्र घेतले. त्यात घोडागाड्या नाहीत, वर्दळ नाही. बूट पुसून घेण्यासाठी एका जागी थांबलेला माणूस तेवढा उमटला, बाकी सगळे चालते लोक लांबलेल्या एक्स्पोजरच्या काळात विरून गेले. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि डॉ. नारायण दाजींसारखे मराठी गृहस्थ तिच्या कामात सहभागी झाले. त्या काळातही बसलेल्या माणसाला श्वास रोखून स्थिर राहावे लागे. पुढे १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स यांनी जिलेटिनच्या कोरड्या काचपट्टीची कल्पना मांडली, इतरांनी ती सुधारली आणि सेकंदाच्या अंशात चित्र घेणे सामान्य हौशी माणसाच्या आवाक्यात आले. कॅलिफोर्नियात १८७८ मध्ये एडवर्ड मायब्रिज यांनी धावपट्टीलगत १२ कॅमेरे मांडून धावता घोडा टिपला. घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीपासून सुटलेले असतात आणि तेव्हा ते पुढे-मागे ताणलेले नसून पोटाखाली गोळा झालेले असतात, हे त्यामुळे सिद्ध झाले. चित्रकारांनी पिढ्यान्‌पिढ्या रंगवलेला ताणलेल्या पायांचा घोडा चुकीचा ठरला. हा विजय इतका मोठा होता की गती थांबवणे म्हणजेच गती टिपणे, असे समीकरण रूढ झाले.

पण दोन्ही गोष्टी एक नव्हेत. वारीतल्या रिंगणाचे उदाहरण घेऊ. स्वाराच्या अश्वामागून माउलींचा अश्व सेकंदाला १० मीटर वेगाने धावतो आहे असे धरले, तर सेकंदाच्या हजाराव्या भागात तो एक सेंटिमीटर पुढे जातो. फोटोत त्याच्या आयाळीचा केस न केस दिसेल, टापांनी उडालेली ढेकळे हवेत अधांतरी दिसतील, मागच्या वारकऱ्यांचे चेहरे ओळखू येतील. तोच अश्व सेकंदाच्या तिसाव्या भागात सुमारे ३३ सेंटिमीटर सरकतो. छायाचित्रकाराने कॅमेरा त्याच्या वेगाने त्याच्याबरोबर फिरवला, ज्याला पॅनिंग म्हणतात, तर डोके आणि मान बऱ्यापैकी स्पष्ट राहते, पाय एकमेकांत मिसळतात आणि पांढऱ्या टोप्यांची गर्दी आडव्या पट्ट्यांत ओढली जाते. पहिल्या फोटोत घोड्याच्या शरीराची माहिती अधिक आहे, दुसऱ्यात धावण्याची. शिल्पकार रोदाँ यांचा आक्षेप नेमका इथे होता. काळ कधी थांबत नाही, म्हणून थांबलेला घोडा दाखवणारे छायाचित्रच खोटे आणि चित्रकार खरा, असे त्यांचे मत होते. ते टोकाचे आहे, कारण मायब्रिज यांच्या प्रश्नाला थांबलेल्या घोड्यानेच उत्तर दिले. पुरावा हवा असेल तिथे काळाचा पातळ काप घ्यावा लागतो. अनुभव सांगायचा असेल तिथे तो काप जाड घेण्याची मुभा हवी.

हवामानाच्या छायाचित्रणात हौशी माणसांनी काय साधले, याचा ठळक दाखला न्यूयॉर्कचा आहे. तिथल्या हौशी छायाचित्रकारांच्या सोसायटीचे सभासद आल्फ्रेड स्टिग्लिट्झ २२ फेब्रुवारी १८९३ रोजी फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर हिमवादळात सुमारे तीन तास उभे राहिले. हातात धरायचा कॅमेरा तेव्हा खेळणे समजला जाई आणि अशा हवेत फोटो निघूच शकत नाही, असा जाणकारांचा समज होता. बर्फातून वाट काढत समोर येणारी घोडागाडी, चाबूक उगारलेला गाडीवान आणि चाकांनी कापलेल्या खोल चाकोऱ्या एवढाच त्या चित्रातला ऐवज आहे. स्टिग्लिट्झ यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे, निगेटिव्ह पाहून सोबतच्या हौशी मंडळींनी ते अस्पष्ट म्हणून टाकून देण्याजोगे ठरवले होते. त्यांनी निगेटिव्हचा काही भागच निवडून छापला आणि ‘विंटर, फिफ्थ अ‍ॅव्हेन्यू’ हे चित्र छायाचित्रणाच्या इतिहासात जाऊन बसले. त्यातली धूसरता काढून टाकली तर वादळच निघून जाते. हातातल्या कॅमेऱ्याविषयी १८९७ मध्ये लिहिताना त्यांनी विषय, रेषा आणि प्रकाश आधी नक्की करून मग सगळे जुळून येईपर्यंत वाट पाहायला सांगितले. हा सल्ला भारी यंत्र घेण्याचा नाही, थांबण्याचा आहे.

थांबावे का लागते, हेही समजून घेण्यासारखे आहे. हवामान ही वस्तू नाही. ते दुसऱ्या कशावर तरी घडताना दिसते. वारा अदृश्य असतो. उलटी झालेली छत्री, एका अंगाला झुकलेला माड, पदर सावरणारा हात यांतून तो दिसतो. पाऊससुद्धा कॅमेऱ्याच्या बाजूने प्रकाश असला की फोटोत जवळजवळ नाहीसा होतो. प्रकाश पावसाच्या मागून आला की प्रत्येक थेंब तो वळवून लेन्सकडे पाठवतो आणि मागे वडाची काळी सावली किंवा काळ्या दगडाची भिंत असली की रेघा उजळून उठतात. म्हणूनच जुलैतल्या करड्या दुपारी धो-धो पाऊस असूनही फोटो कोरडा वाटतो, आणि संध्याकाळी रस्त्यावरचा दिवा किंवा गाडीचा झोत मागे आला की साधी भुरभुरही भरघोस दिसते. हिमकणाचे गणित वेगळे. तो सेकंदाला एखादा मीटरच उतरतो, त्यामुळे ज्या शटरवर पावसाची हातभर रेघ होते, तिथे बर्फाचा फार तर छोटा फटकारा उमटतो. धुके उलट वागते. त्यात दूरच्या गोष्टी फिकट होत जातात आणि जवळचे झाड गडद राहते. जवळचे काहीच नसेल, तर फोटोत धुके न दिसता नुसता करडेपणा दिसतो. मागचा प्रकाश, गडद पार्श्वभूमी आणि हवेला प्रतिसाद देणारा माणूस किंवा झाड या तिन्ही गोष्टी एकाच वेळी हजर असणे दुर्मीळ असते. म्हणून वाट पाहणे हा या कलेचा भागच आहे.

काळाचा काप जाड घेण्याच्या मुभेवर पहिला आक्षेप असा, की अशी मोकळीक दिली तर प्रत्येक फसलेला फोटो कला म्हणून खपवला जाईल. आक्षेप गंभीर आहे आणि त्याला ‘ज्याची त्याची दृष्टी’ हे उत्तर पुरत नाही. चांगल्या हललेल्या फोटोची परीक्षा करता येते. त्यात नजरेला टेकायला काहीतरी स्थिर आहे का? ओघळ विषयाच्या गतीच्या दिशेने आहे, की हात थरथरल्याने सगळी चौकट एकसारखी दुभंगली आहे? तोच परिणाम छायाचित्रकार पुन्हा साधू शकेल का? तिसऱ्या प्रश्नावर मात्र जास्त ताणू नये, कारण यंत्राची मर्यादाही कधी खरे बोलून जाते. फ्रान्सच्या झाक-आंरी लार्तिग यांचा पहिल्या महायुद्धाच्या थोडे आधीचा मोटारशर्यतीचा फोटो पाहा. त्यांच्या कॅमेऱ्याच्या शटरची फट काचपट्टीवरून सरकत जाई आणि त्याच वेळी ते कॅमेरा गाडीबरोबर फिरवत होते. परिणामी चाक लंबगोल होऊन पुढे झुकले आणि प्रेक्षक, खांब उलट्या बाजूला कलले. गाडीचा अर्धा भाग चौकटीबाहेर गेला. नियमांप्रमाणे हा सपशेल बिघडलेला फोटो. पण १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने या हौशी माणसाचे प्रदर्शन भरवले आणि वेगाचे चित्र म्हटले की आज तोच फोटो डोळ्यांपुढे येतो. आपल्या मोबाइलमध्येही चित्र ओळीओळीने वाचले जाते, म्हणूनच फिरत्या पंख्याची पाती त्यात वाकडी दिसतात. ती का वाकतात हे ज्याला कळले, तो त्या दोषाचा उपयोग करू शकतो.

दुसरा आक्षेप आजचा आहे. कॅमेरा सेकंदाला वीस-तीस फोटो घेतो, सॉफ्टवेअर हवा तसा पाऊस घालून देते. मग भिजत उभे राहायचे कशाला? यातला पहिला भाग लवकर निकालात निघतो. तीस पातळ काप मिळाले तरी कापाची जाडी कोणी ठरवायची हा प्रश्न तसाच राहतो. दुसऱ्या भागाला मोठी परंपरा आहे. भारतीय पावसाळ्याचा जगभर गाजलेला फोटो न्यूझीलंडच्या ब्रायन ब्रेक यांनी काढला. चेहऱ्यावर थेंब झेलणाऱ्या मुलीचे ते चित्र १९६१ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या पावसाळ्यावरील चित्रमालिकेत झळकले. ती मुलगी म्हणजे पुढच्या काळातल्या दिग्दर्शिका अपर्णा सेन, आणि तो पाऊस कोलकात्यातल्या गच्चीवर मुद्दाम पाडलेला. चित्र सुंदर आहे, त्याचे सौंदर्य नाकारण्याचे कारण नाही. पण ते पाऊस झेलण्याच्या भावनेचे चित्र आहे, एका विशिष्ट दिवशी पडलेल्या पावसाची नोंद नव्हे. दोन्हींना जागा असावी, फक्त पाहणाऱ्याला कोणते काय हे कळावे. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत निसर्ग आणि वृत्तछायाचित्र विभागांत चित्रात काही घालायला किंवा काढायला मनाई असते, ती याचसाठी. क्लबांनीही हवामानाच्या फोटोंना हाच न्याय लावावा.

उरतो प्रश्न हौशी माणसाचा. व्यावसायिकाला संध्याकाळपर्यंत फोटो पोहोचवायचा असतो. त्याला न हललेला, ओळखू येणारा चेहरा लागतो आणि त्यात त्याची चूक नाही. हौशी माणसाजवळ मात्र फसण्याची सवड असते. अमेरिकेतल्या व्हरमाँटचा शेतकरी विल्सन बेंटली याने १८८५ च्या जानेवारीत सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून पहिला हिमस्फटिक टिपला आणि १९३१ मध्ये मृत्यू येईपर्यंत अशी पाच हजारांहून अधिक चित्रे घेतली. त्यासाठी त्याला कोणी पगार देत नव्हते. कॅमेरा क्लबचे काम ही सवड जपण्याचे आहे. फोटोखाली शटरचा आकडा अनेकदा लिहिलेला असतो. परीक्षकाने तो पाहून थांबू नये, तोच का निवडला हे सभासदाला विचारावे. एकच पाऊस तीन वेगवेगळ्या शटरवर काढून आणा, अशी स्पर्धा ठेवावी. पडद्यावर ती तीन चित्रे शेजारी-शेजारी लागली, की नवख्यालाही भाषणाशिवाय कळेल की आपण नुसते यंत्र वापरत नव्हतो, काळाविषयी मत देत होतो. स्टिग्लिट्झ यांच्या सोबत्यांनी निगेटिव्ह पाहिले तेव्हा त्यांना अस्पष्टता दिसली, वादळ दिसले नाही. त्यांना छायाचित्रण कमी कळत होते असे नाही, ते चुकीच्या गोष्टीला गुण देत होते. ती चूक दुरुस्त करायला पैसे लागत नाहीत, महागडी लेन्स लागत नाही. गुणपत्रिकेवर एक प्रश्न वाढवला तरी पुरे.