विष्णुपुरी ते मांजरा: एका चढाचा हंगाम

मराठवाड्यातल्या माणसाला धरणांच्या पातळ्या तोंडपाठ असतात. दुष्काळानं हे पाठांतर करून घेतलं आहे. नांदेडच्या विष्णुपुरी जलाशयाची पूर्ण पातळी 355 मीटर. लातूरची तहान भागवणाऱ्या, धनेगावच्या मांजरा धरणाची 642.37 मीटर. दोन्ही आकडे समुद्रसपाटीपासूनचे. वजाबाकी केली तर 287 मीटर उरतात. नांदेडहून लोहा, माळेगाव, अहमदपूर, चाकूर करत लातूर गाठणाऱ्या सायकलस्वाराला निव्वळ एवढीच उंची साधारणपणे मिळवायची असते. पण वाटेत कमावलेली उंची उतारावर पुन:पुन्हा खर्ची पडते आणि पुढच्या चढाला नव्यानं कमवावी लागते. त्यामुळे प्रत्यक्षातली चढाई या आकड्याहून बरीच मोठी भरते.

पाणी हेच अंतर उलट्या दिशेनं कापतं आणि त्याला फार लांबचा फेरा पडतो. बीड जिल्ह्यात बालाघाटावर उगम पावलेली मांजरा लातूरजवळून आग्नेयेला निघते, कर्नाटक आणि तेलंगणात शिरते, तिथून उत्तरेला वळते आणि नांदेड जिल्ह्याच्या सीमेवर कुंडलवाडीच्या परिसरात गोदावरीला मिळते. उगमापासून संगमापर्यंत 724 किलोमीटर. रस्त्यानं लातूर-नांदेड हे अंतर मात्र दीडशे किलोमीटरच्या आतच आहे. नदीनं शेकडो किलोमीटरांत सोडलेली उंची सायकलस्वार एका सकाळी पायांनी भरून काढतो.

तरीही आपल्याकडे एक वाक्य सर्रास ऐकू येतं: ‘आमच्याकडं कुठंय घाट?’ घाट म्हणजे खंडाळा, कसारा, आंबोली. सायकलवर चढ चढायचा तर सह्याद्रीत जावं, पैसे असतील तर मनालीहून लेहला. हा समज मला चुकीचा वाटतो आणि त्यात आपलं नुकसानही आहे असं वाटतं. आपला घाट आपल्या पायाखाली आहे. त्याचा हंगाम दिवाळीच्या तोंडावर सुरू होतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत त्याच्याकडे आपलं लक्ष नसतं.

बालाघाटाची रांग हरिश्चंद्रगडाच्या परिसरात सह्याद्रीपासून फुटते आणि आग्नेयेकडे पसरत जाते. एका अंगाला गोदावरीचं खोरं, दुसऱ्या अंगाला भीमेचं. लातूर या रांगेच्या पठारावर आहे, नांदेड गोदाकाठी खाली. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरले आणि त्यातून दख्खनचा हा काळा पाषाण तयार झाला. सगळे थर सारख्या कणखरपणाचे नव्हते. मऊ थर झिजले, टणक थर उभे राहिले, म्हणून इथली जमीन टप्प्याटप्प्यानं वर जाते. एखाद-दोन किलोमीटर अंगावर येणारा चढ, मग सपाट माळ, ओढ्याकडे उतार, पुन्हा चढ. आल्प्समध्ये एकदा चढ लागला की तो तास-दीड तास सुटत नाही. पायांना एक लय सापडते आणि ती धरून बसता येतं. बालाघाट ती लय सापडू देत नाही. दम जुळला म्हणेपर्यंत सपाटी येते, सपाटीवर वेग धरला की पुढचा चढ दिसतो. असा मोडका चढ चढणं सोपं नाही. त्यासाठी वेगळी तयारी लागते आणि ती इथल्याइतकी चांगली दुसरीकडे होत नाही.

उंचीचा न्यूनगंड असेल त्यांनी मिलान-सानरेमो ही शर्यत पाहावी. इटलीतली ही शर्यत 1907पासून चालत आली आहे. मार्चमध्ये, हंगामाच्या अगदी सुरुवातीला होते आणि अंतर 290 किलोमीटरच्या आसपास असतं. तिच्या इतिहासातली सर्वांत गाजलेली खिंड म्हणजे तुर्किनो. तिथला बोगदा आहे 532 मीटर उंचीवर. म्हणजे मांजरा धरणाच्या पाण्यापेक्षा शंभर मीटरहून अधिक खाली! ओवाडा गावापासून तिथवरचा चढही सौम्य, सरासरी दीड टक्क्याच्या आत. पण 1910 साली एप्रिलच्या सुरुवातीला याच खिंडीत बर्फ पडला. साठाहून अधिक सायकलस्वार निघाले होते. शेवटपर्यंत पोचले ते चारांहून जास्त नव्हते. फ्रान्सचा यूजेन क्रिस्तोफ गारठून रस्त्याकडेच्या घरात आश्रयाला गेला, अंग शेकलं, कोरडे कपडे चढवले, पुन्हा सायकलवर बसला आणि बारा तासांहून अधिक वेळ घेऊन जिंकला. त्यानंतर त्याला दवाखान्यात राहावं लागलं आणि पूर्ववत व्हायला पुष्कळ काळ गेला. तुर्किनोचं नाव झालं ते उंचीमुळे नव्हे. हिवाळ्यात सुस्तावलेली शरीरं घेऊन लोक तिथं पहिल्यांदा चढाला भिडतात, आणि त्याच वेळी हवामानाचा काही नेम नसतो, म्हणून ती खिंड अवघड.

बर्फ वगळला तर आपल्याकडे हेच घडतं. मोसमी पाऊस मराठवाड्यातून साधारण ऑक्टोबरच्या मध्यावर परततो. चार महिने सायकल घरात उभी असते, नाहीतर गावातल्या गावात फिरलेली असते. आश्विनातलं ऊन पावसाळ्यानंतरचं म्हणून सौम्य असेल, ही समजूत पहिल्याच चढावर मोडते. हवेत दमटपणा शिल्लक असतो, घाम वाळत नाही. ताशी 10-12 किलोमीटर वेगानं चढताना अंगाला वाराही लागत नाही. सपाटीवर त्याच उन्हात निवांत जाणारा माणूस चढावर तापतो. म्हणून दिवाळीआधीचे चढ उजाडताना सुरू करून नऊच्या आत संपवावेत. सोबत नुसत्या पाण्याऐवजी मीठ-साखरेचं लिंबूपाणी घ्यावं. कार्तिक लागला की पहाटेची हवा बदलते. वाराही ईशान्येकडून, पूर्वेकडून वाहू लागतो. नांदेडहून लातूरला जाणं म्हणजे नैर्ऋत्येला जाणं. हिवाळ्यात चढ चढताना तो वारा पाठीशी असतो आणि उतरताना तोंडावर येतो. हे आधी ठाऊक असलं तर परतीसाठी ताकद राखून ठेवता येते.

रस्त्याचाही हंगाम असतो. पावसानं साइडपट्टी खचलेली असते, डांबराची कड तुटून बोटभर पायरी तयार झालेली असते. कडेच्या गवतात सराटे पिकलेले असतात, वेड्या बाभळीच्या फांद्या छाटून टाकलेल्या असतात. पंक्चरचं सामान घेतल्याशिवाय निघूच नये. आणि सोयाबीन. लातूरची बाजारपेठ सोयाबीनसाठी देशभर ओळखली जाते. काढणी दसरा-दिवाळीच्या दरम्यान येते. पूर्वी शेतात सारवलेलं खळं असायचं, आता ते क्वचित दिसतं. कडक, कोरडी, स्वच्छ जमीन म्हणून शेतकऱ्याच्या हाताशी उरतो तो रस्ताच. अर्ध्या डांबरावर पिवळे दाणे पसरलेले आणि कडेनं दगड मांडलेले. चढताना त्याचं काही वाटत नाही. उतरताना गोल दाण्यांवरून अरुंद टायर सरकतं आणि ब्रेक दाबला की चाक निसटतं. वर्षाची कमाई वाळत घातलेल्या माणसावर ओरडण्याचा अधिकार सायकलस्वाराला नाही. वेग आपण कमी करायचा. उसाची गोष्ट निराळी. गाळप हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या रात्रंदिवस धावतात, कित्येकांना मागे साधा चमकता पट्टाही नसतो. तो पट्टा लावून घेणं ही यंत्रणेची जबाबदारी आहे, आणि ती पार न पाडल्याची किंमत फक्त सायकलस्वार मोजत नाही.

आता चढाचं गणित. माणूस आणि सायकल मिळून 80 किलो धरू. पाच टक्के चढ, म्हणजे 100 मीटर पुढे गेल्यावर 5 मीटर वर. ताशी 12 किलोमीटर वेगानं तो चढायला सुमारे 155 वॅट लागतात. त्यांतले 130 वॅट निव्वळ वजन वर उचलण्यात जातात. उरलेले टायरच्या घर्षणात आणि हवेत. एवढ्याच ताकदीत सपाटीवर ताशी 27-28 किलोमीटरचा वेग मिळतो, पण तिथं बहुतांश ताकद हवा कापण्यात जाते. म्हणून सपाटीवर दुसऱ्याच्या मागे लपून जाणारा स्वार चढावर एकटा पडतो. तिथं कुणाचा आडोसा कामी येत नाही.

यात गिअरचा वाटा मोठा. आपल्याकडच्या साध्या काळ्या सायकलला पुढे साधारण 44 आणि मागे 18 दाते असतात. पायडलचा एक फेरा झाला की ती पाच मीटरांहून जास्त पुढे जाते. सहा टक्क्यांच्या चढावर एवढा मोठा फेरा बसून मारणं भल्याभल्यांना जमत नाही. उभं राहून रेटावं लागतं, नाहीतर उतरून ढकलावं लागतं. आजच्या सायकलला पुढे 34 आणि मागे 34 दाते मिळाले तर एका फेऱ्यात सायकल दोन मीटरांच्या थोडीच पुढे जाते. मिनिटाला 70 फेरे मारले तरी वेग ताशी नऊ किलोमीटरच्या आसपास राहतो. पण गुडघे शाबूत राहतात आणि धाप आवाक्यात राहते. हलका गिअर वापरण्यात कमीपणा मानण्याची खोड जुनी आहे. टूर द फ्रान्सचा जनक आंरी देग्रांज गिअर बदलण्याच्या यंत्रणेला कमकुवतपणा समजत असे. 1910मध्ये पिरेनीजचे आणि 1911मध्ये गालिबियेचा अडीच हजार मीटरांहून उंच घाट शर्यतीत आले, तरी ही यंत्रणा स्पर्धकांना मिळाली ती 1937 साली. तोवर चाक काढून उलटं बसवायचं, की दुसऱ्या बाजूचा मोठा दातेरी गिअर कामाला यायचा. नव्यानं सुरुवात करणाऱ्यांना मी कळकळीनं सांगतो: पहिले तीन-चार आठवडे सर्वांत हलका गिअर लावा. हृदय आणि फुप्फुसं चढाला लवकर सरावतात, गुडघ्याच्या शिरा आणि स्नायुबंध मागे राहतात. हंगामाच्या सुरुवातीची बहुतेक दुखणी या तफावतीतून येतात.

चढ किती तीव्र असावा हे पूर्वी बैलांनी ठरवलं, आता ट्रक ठरवतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषांनुसार सपाट आणि उंचसखल प्रदेशात नेहमीचा चढ 3.3 टक्के, डोंगराळ भागात 5 टक्के. नांदेड-लातूर हा आता 361 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आहे. अशा महामार्गावर टेकडी कापून आणि ओढ्यावर भराव टाकून चढ बोथट केलेला असतो. खरा चढ भेटतो तो आडवाटेला. नांदेडकरांना वडेपुरीची रत्नेश्वरीची टेकडी जवळ आहे. लातूर जिल्ह्यात उदगीरजवळ हत्तीबेट, चाकूर तालुक्यात वनौषधींसाठी प्रसिद्ध असलेलं वडवळ नागनाथाचं बेट, औशाच्या पुढे लेण्यांचं खरोसा. हे चढ लहान आहेत, पण एकच चढ दहा-बारा वेळा चढता येतो, आणि पायथ्याच्या व्हालोआर गावाहून गालिबियेवर जाणाऱ्याची उंची अशीच बेरजेनं गाठता येते. थोडी मोठी मजल मारायची तर सोलापूरकडून तुळजापूरचा घाट आहे, बीडकडून मांजरसुंब्याचा आहे. आणि नांदेडच्या उत्तरेला माहूर. पैनगंगेच्या खोऱ्यातून, सागाच्या जंगलातून जाणारा तो रस्ता शेवटी रेणुकेच्या गडाला भिडतो. तिकडे हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात जाऊ नये. महिनाभराचा सराव झाल्यावर जावं, म्हणजे शेवटचा चढ सोसतो आणि देवीसमोर पाय थरथरत नाहीत.

मोठे डोंगर जवळ नसले म्हणून मोठी चढाई अडत नाही, याचा पुरावा नागपूरनं दिला आहे. नागपूर पडलं समुद्रसपाटीपासून जेमतेम तीनशे मीटरवरचं, सपाट प्रदेशातलं शहर. तिथल्या डॉ. अमित समर्थ यांनी 2017मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत पहिल्याच प्रयत्नात एकट्यानं पूर्ण केली. त्याच वर्षी लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ यांनीही ती पूर्ण केली. अंतर सुमारे 4,800 किलोमीटर, मुदत 12 दिवस, आणि वाटेत रॉकी पर्वतातली 3,300 मीटरांवरची वुल्फ क्रीक खिंड. त्याआधी 2015मध्ये नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र आणि महेंद्र महाजन यांनी दोघांच्या संघातून हीच शर्यत पार केली होती. मुंबई-पुणे शर्यतीनं ‘घाटाचा राजा’ हा किताब खंडाळ्याच्या चढावर घराघरांत पोचवला. जानेवारी 2026मध्ये पुणे जिल्ह्यात पुणे ग्रँड टूर ही आंतरराष्ट्रीय टप्प्यांची शर्यत झाली. युरोप बर्फाखाली असतो तेव्हा आपले रस्ते कोरडे असतात. जगाचा हंगाम इथून सुरू होऊ शकतो. सह्याद्रीला हे उमगलं आहे. बालाघाटाच्या वाट्याला मात्र अजून काही आलेलं नाही.

म्हणून माझी मागणी मोठी नाही. अहमदपूर-लोहा रस्त्यावर, रत्नेश्वरी आणि हत्तीबेटाच्या पायथ्याशी, माहूरच्या चढाखाली एकेक फलक हवा: चढाची लांबी, उंचीतला फरक, सरासरी टक्के. युरोपात साध्या खेड्यातल्या चढालाही असा फलक असतो आणि तो वाचून पोरं सायकल काढतात. जोडीला मीटरभर रुंदीची, डांबराच्या पातळीत आणलेली साइडपट्टी. निदान चढाच्या बाजूनं तरी, कारण चढताना सायकल हळू असते आणि मागच्या वाहनाला ती ओलांडण्याची घाई असते. शाळेला सायकलवर जाणाऱ्या मुलींना आणि दूध घालणाऱ्या माणसाला तिचा उपयोग माझ्यापेक्षा जास्त आहे.

ठरलेल्या मुदतीत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल सफरींना ब्रेव्हे म्हणतात. त्यांचं वर्ष नोव्हेंबरमध्ये सुरू होतं आणि ऑक्टोबरमध्ये संपतं. आपल्या दिवाळीशी ते असं जुळून आलं आहे. 200 किलोमीटर साडेतेरा तासांत, 600 किलोमीटर 40 तासांत. 1891 साली सुरू झालेली पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस 1,200 किलोमीटरांची, मुदत 90 तास. पुढची 2027मध्ये आहे. तिच्या मार्गात एकही मोठा पर्वत नाही. ब्रिटनीतल्या छोट्या टेकड्या आहेत, एकामागून एक, लय मोडणाऱ्या. लोह्यापासून चाकूरपर्यंतच्या चढांवर हिवाळाभर सराव केलेल्या स्वाराला त्यात नवीन काही सापडणार नाही. पहिला टप्पा म्हणून भाऊबीज उरकल्यानंतरच्या रविवारी नांदेडहून पहाटे पाचला निघावं, माळेगावला खंडोबाच्या देवळापाशी चहा घ्यावा, आणि ऊन चढायच्या आत अहमदपूर गाठावं.