वॉर्साचे पत्र : व्होडका कोणाची?

वॉर्सा : व्हिस्टुला नदीच्या उजव्या तीरावर, प्रागा भागात, ‘कोनेसर’ नावाचा लाल विटांचा जुना दारूचा कारखाना आहे. २०१८ पासून तिथे पोलिश व्होडकाचे संग्रहालय आहे. व्होडका पोलंडची की रशियाची, हा वाद इथे अजून मनापासून घातला जातो. पोलंडच्या हातातला हुकमाचा एक्का म्हणजे सांदोमिएशच्या न्यायालयीन दप्तरातली १४०५ सालची नोंद. ‘व्होडका’ हा शब्द लेखी सापडतो तो तिथे.

पण शब्द सापडला म्हणजे दारू सापडली असे नव्हे. ‘वोदा’ म्हणजे पाणी आणि व्होडका हे त्याचे लाडिक रूप. आपले ‘उदक’ त्याच मुळाचे. जुन्या पोलिशमध्ये हा शब्द औषधी अर्कांनाही लावत. १५३४ साली क्राकुफला निघालेल्या श्तेफान फालिमिश यांच्या वनौषधींच्या ग्रंथात व्होडका येते ती औषध म्हणूनच. प्यायच्या दारूला लोक ‘गोझाऊका’ म्हणत, म्हणजे जळणारी. युक्रेनची ‘होरिल्का’ही त्याच अर्थाची. रशियात तर सरकारी कागदांत शतकानुशतके ‘धान्याची दारू’ असेच नाव चाले. तेव्हा नुसत्या नावावरून कोणाचाच दावा पक्का होत नाही, असे माझे मत आहे.

मला या वादापेक्षा ‘प्रोपिनात्सया’ महत्त्वाची वाटते. आपल्या जमिनीवर दारू गाळण्याचा आणि विकण्याचा हा जमीनदारांचा मक्ता. सतराव्या शतकात ग्दान्स्कमार्गे परदेशी जाणाऱ्या धान्याचा व्यापार मंदावला, तशी राई (मोहरी नव्हे, ‘राय’ हे धान्य) भट्टीकडे वळली. कुळाने प्यायची तर मालकाच्याच गुत्त्यावर. घाम गाळून हाती आलेले चार पैसे त्या वाटेने पुन्हा वाड्यात जात. रशियात हेच काम खजिन्याने केले. एकोणिसाव्या शतकात झारच्या महसुलाचा सुमारे तिसरा हिस्सा दारूतून येई. व्होडकाचा इतिहास सांगताना या कुळांची आठवण आधी व्हायला हवी.

आजचे भांडण कच्च्या मालाचे आहे. व्होडका धान्य, बटाटे किंवा बीटच्या मळीचीच असावी, असा आग्रह पोलंड, फिनलंड, स्वीडन आदी देशांनी युरोपीय संघात धरला. २००८ च्या नियमांनी तो मानला नाही; द्राक्षांचीही चालते, फक्त बाटलीवर तसे लिहावे लागते. मग पोलंडने २०१३ मध्ये स्वतःचा कायदा कडक केला. ‘पोल्स्का वुदका’ हे नाव आता पोलंडमध्ये पिकलेल्या राई, गहू, सातू, ओट, ट्रिटिकेल (गहू-राईचा संकर) किंवा बटाट्यापासून, पोलंडमध्येच तयार झालेल्या व्होडकालाच मिळते.