विजेच्या अर्जाला सही कोणाची?

गणपतीच्या दिवसांत मालवण तालुक्यातल्या कोणत्याही वाडीत जा. मुंबईकर मंडळी आलेली असतात, घर भरलेले असते. आरत्या आटोपल्या की ओटीवर कोणीतरी हळूच एक कागद पुढे करतो. "दादा, हयसर एक सही करा हां." कागद असतो वीजजोडणीच्या संमतीचा. दादा चष्मा लावून तो दोनदा वाचतात आणि म्हणतात, "मे महिन्यात इल्यार बघूया." मे महिना येतो, दादा येत नाहीत. आले, तरी सातबारावरची उरलेली चौदा नावे कुठे असतात? कोणी बडोद्याला, कोणी दुबईत, तर कोणी कधीच देवाघरी गेलेले, पण उताऱ्यावर अजून हयात!

आता समजा, आचऱ्याकडे एक जुने चौसोपी घर आहे. घरात मीटर एकच, थोरल्या दिराच्या नावाचा. धाकट्या भावाची विधवा पत्नी मागल्या पडवीत दोन मुलांना घेऊन राहते, चूल वेगळी. बिलावरून कुरबुर झाली आणि दिराने तिची तार काढली. आता तिला स्वतःचा मीटर हवा आहे. शेजारपाजारचे सांगतात, "सगळ्या हिस्सेदारांच्यो सह्यो व्हयेत." ती बिचारी गप्प बसते, आणि मुले रॉकेलच्या चिमणीपाशी नाहीतर देवळातल्या दिव्याखाली अभ्यास करतात.

कायदा काय म्हणतो ते पाहू. सध्या लागू असलेला विद्युत कायदा २००३ सालचा आहे. त्याच्या कलम ४३ प्रमाणे एखाद्या जागेचा मालक किंवा भोगवटादार यांपैकी कोणीही अर्ज केला, तरी त्या जागेला वीज देणे हे वितरण कंपनीचे कर्तव्य आहे. 'किंवा' हा शब्द लक्षात ठेवा. भोगवटादार म्हणजे जो प्रत्यक्ष तिथे राहतो, वापर करतो, तो. हा शब्द काही नवा नाही. इंग्रजी अमदानीतल्या १९१० च्या वीज कायद्याच्या परिशिष्टातही तो होताच. म्हणजे आपण शंभर वर्षे ज्या सहीसाठी खोळंबतो आहोत, ती कायद्याने मुळात मागितलेलीच नाही.

मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपल्याच राज्यातल्या एका प्रकरणात हे स्पष्ट केले. वीज ही मूलभूत सोय आहे; घरमालक ना-हरकत देत नाही एवढ्या कारणावरून भाडेकरूला ती नाकारता येणार नाही; अर्जदार त्या जागेत राहतो की नाही, एवढेच वीज देणाऱ्याने पाहायचे. हे प्रकरण उद्भवले होते ते मालकाची खोटी सही केल्याच्या आरोपावरून. तेव्हा कंटाळून कोणी दादांची सही स्वतःच ठोकून देऊ नये. न लागणाऱ्या सहीपायी फौजदारी ओढवून घेण्यात काय अर्थ?

दादा सही का करत नाहीत, हेही समजून घेतले पाहिजे. त्यांच्या मनात भीती असते की मीटर एकाच्या नावावर झाला म्हणजे घरही त्याचे झाले. ही भीती निराधार आहे. विजेचे बिल हा मालकीचा दाखला नव्हे. त्याने हिस्सा वाढत नाही की घटत नाही. वाटणीचा दावा असेल तर तो दिवाणी न्यायालयात चालेल, मीटरच्या पेटीत नव्हे. किनाऱ्यालगत परवानगीशिवाय बांधलेल्या खोल्याही केवळ वीज आली म्हणून कायदेशीर ठरत नाहीत, हे देवबाग-तारकर्लीच्या मंडळींनी ध्यानात घ्यावे.

मग कागद लागतात तरी कोणते? ओळखीचा पुरावा, आणि जागेत राहत असल्याचा पुरावा. आपल्याकडे दुसऱ्यासाठी ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, ज्याला आपण असेसमेंट म्हणतो, तो आणि घरपट्टीची पावती चालते. भाड्याचे घर असेल तर भाडेकरार. चूल वेगळी असल्याचे दाखवायला स्वतंत्र शिधापत्रिका उपयोगी पडते. शिवाय घरातली वायरिंग परवानाधारक ठेकेदाराने तपासल्याचा अहवाल हवा. इथे मात्र काटकसर नको. खाऱ्या वाऱ्याने आपल्याकडे तारा आणि खटके लवकर गंजतात, त्यामुळे हा कागद खऱ्या तपासणीनंतरच घ्यावा. त्याच जागेवर जुन्या मीटरची थकबाकी असेल तर ती आधी विचारून घ्या. ती मागण्याचा कंपनीचा अधिकार न्यायालयाने २०२३ मध्ये मान्य केलेला आहे.

अर्ज दिला की पोच घ्यायची. तारखेची पोच नसेल तर दिवस मोजायचे कुठून? २०२४ च्या केंद्रीय नियमांनुसार ग्रामीण भागात पंधरा दिवसांत, आणि डोंगराळ ग्रामीण भागात तीस दिवसांत जोडणी द्यायची आहे. नवे खांब घालायचे असतील तर जास्त मुदत लागते. अर्ज अपुरा असेल तर मुदत सुरूच होत नाही, म्हणून काय कमी आहे ते लेखी मागावे. "सह्या आणा" असे कोणी तोंडी सांगितले, तर तेही लेखी मागावे. पुष्कळदा लेखी मागितल्यावरच काम पुढे सरकते, असा आपला अनुभव! तरीही अडले तर आधी कंपनीचा तक्रार कक्ष, मग ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल. विनाकारण उशीर झाल्यास कलम ४३ मध्ये दिवसाला एक हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

आता दुसरी गोष्ट, जी पहिलीशी नेहमी गल्लत करते. तुमच्या घरापर्यंतची तार शेजाऱ्याच्या माडांवरून किंवा कुंपणातून जाणार असेल, तर तिथे शेजाऱ्याची संमती खरोखरच लागते. २००६ च्या नियमांप्रमाणे त्याने हरकत घेतली तर जिल्हादंडाधिकाऱ्यांची, म्हणजे आपल्याकडे ओरोसला बसणाऱ्या जिल्हाधिकाऱ्यांची, लेखी परवानगी घ्यावी लागते. पण ती मिळवायची कंपनीने. अर्जदाराने शेजाऱ्याच्या पाया पडत फिरायचे नाही. शेजाऱ्यालाही आपले म्हणणे मांडता येते, भरपाई मागता येते. मे २०२१ च्या तौक्ते वादळात माड विजेच्या तारांवर कोसळले, ते पाहिलेल्या माणसाने तार कुठून न्यावी याबद्दल दोन शब्द बोलावेत, हे रास्तच आहे.

मोठ्या ग्राहकांची वाट वेगळी आहे. आपण अजून 'बोर्डात जाऊन येतो' म्हणतो, पण १९६० चे वीज मंडळ २००५ च्या जूनमध्ये विभागले गेले. उच्च दाबाच्या वाहिन्या महापारेषणकडे आल्या आणि घरोघरची वीज महावितरणकडे. वाहिनी ही रस्त्यासारखी. शुल्क भरून तिच्यावरून दुसऱ्याकडून घेतलेली वीज आणता येते, त्याला खुला प्रवेश म्हणतात. पूर्वी त्यासाठी एक मेगावॉट म्हणजे एक हजार किलोवॉटचा भार लागे. २०२२ च्या नियमांनी सौर, पवन अशा हरित विजेसाठी ही मर्यादा शंभर किलोवॉटवर आणली. मासळीसाठी बर्फ करणाऱ्या मोठ्या कारखान्याला किंवा काही कारखान्यांच्या सहकारी संस्थेला याचा विचार करता येईल. तिथे वीजनिर्मात्याशी केलेला करार, खास मीटर आणि नियुक्त यंत्रणेकडे अर्ज लागतो. पंधरा दिवसांत निर्णय झाला नाही, तर तांत्रिक अटींच्या अधीन राहून मंजुरी मिळाली असे धरले जाते.

आचऱ्याच्या त्या बाईंकडे असेसमेंट उतारा नसेल, कारण घरपट्टी दिराच्याच नावावर असणार. अशा वेळी ग्रामपंचायतीकडून रहिवासाचा दाखला घ्यावा. मुलांच्या शाळेच्या नोंदवहीत पत्ता असतोच. त्याचा उतारा गुरुजी देऊ शकतात, आणि अर्ज लिहायलाही तेच बसले तर 'भोगवटादार' हा शब्द पहिल्याच ओळीत घालायला विसरू नये.