दर दोन तासांनी कूस

पहाटे ५.१०
सिन्नर. आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळायला बसली आहे. तेंदूची पानं रात्रीच भिजवलेली. मजुरी हजारावर मिळते, म्हणून उजाडायच्या आत जमतील तेवढ्या वळून घ्यायच्या. पलीकडे मुलगी युनिफॉर्मला इस्त्री करते. वय बावीस, बारावी आर्ट्स. बांगड्या आणि अंगठी काढून डबीत ठेवते. वॉर्डात कोपराच्या खाली काहीही चालत नाही, मनगटातला दोरासुद्धा नाही. जनरल ड्यूटी असिस्टंटचा चार महिन्यांचा कोर्स तिने धरला आहे. सरकारी योजनेतला, त्यामुळे फी नाही. पण पांढरे बूट साडेचारशेचे, ते स्वतः घ्यावे लागले.

६.०५
नाशिकची एसटी. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. पूर्ण असतं तर घरून परवानगी मिळाली नसती, असं ती सांगते. द्वारका चौकात उतरून हॉस्पिटलपर्यंत शेअर रिक्षा, वीस रुपये. पाऊस नसला की चालत जाते आणि वीस वाचवते.

७.४५
बायकांचा मेडिकल वॉर्ड. रात्रपाळीची सिस्टर एकेका पेशंटचं सांगते, ही वहीत टिपते. मग हात धुणं. साबण लावून, बोटांच्या बेचक्यांतून, अंगठा वेगळा, नखांची टोकं तळव्यावर घासून. चाळीस ते साठ सेकंद. पहिल्या आठवड्यात सिस्टर घड्याळ घेऊन शेजारी उभ्या राहायच्या.

८.१५
खाट क्रमांक सहा. पॅरालिसिसच्या आजी, उजवी बाजू गेलेली. चादर बदलायची आणि आजींना खाटेवरून उठवायचं नाही. आधी खाटेचा ब्रेक. मग हँडल फिरवून खाट कमरेएवढी वर, नाहीतर महिन्याभरात स्वतःची पाठ जाते. "आजी, डाव्या अंगावर घेते हं." सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही, हे तिला पक्कं शिकवलंय. लुळा हात ओढायचा नाही, खांदा निखळतो. एक तळवा खांद्याखाली, एक कमरेखाली, आणि जोडीदारणीसोबत दोघींनी एका दमात. जुनी चादर आजींच्या पाठीशी गुंडाळायची, नवी तिथपर्यंत पसरायची, आजींना गुंडाळीवरून पलीकडे घ्यायचं, जुनी ओढून काढायची. वर मॅकिंटॉश म्हणजे रबरी चादर, त्यावर ड्रॉ शीट म्हणजे आडवी कापडी चादर. शेवटी हात फिरवून सुरकुती राहिली का ते बघायचं.

पाठ उघडी असतानाच माकडहाड आणि टाचा तपासते. लाल जागा बोटाने दाबायची. पांढरी पडली तर रक्त फिरतंय. लालच राहिली तर जखम सुरू झाली. सावळ्या अंगावर लाली सहज दिसत नाही. तिथे हाताला गरम लागतं का, टणक लागतं का, ते चाचपायचं. आजींची पाठ आज ठीक आहे. पायथ्याच्या कागदावर ती लिहिते: ८.४०, डावी कूस. पुढची वेळ १०.४०. दर दोन तासांनी, रात्रीही. आजी अकरा दिवस पडून आहेत आणि पाठीला एकही जखम नाही. या वॉर्डातलं सगळ्यात मोठं काम मला हेच वाटतं.

९.३०
बीपी, नाडी, ताप, श्वास. नाडी पूर्ण मिनिट मोजते. श्वास मोजताना पेशंटला सांगायचं नाही. सांगितलं की माणूस वेगळा श्वास घेतो. म्हणून नाडी झाली तरी बोटं मनगटावरच ठेवायची आणि नजर छातीवर. बारा ते वीस बरोबर. नऊ नंबरच्या बाईंचे सव्वीस भरतात. ती पुन्हा मोजते, तेवढेच. सरळ सिस्टरकडे जाते. ऑक्सिजन लावायचा का, हे तिने ठरवायचं नाही. इंजेक्शन नाही, सलाइन बदलणं नाही, औषध नाही. काय करायचं नाही, याचीही परीक्षा असते.

११.००
युरोबॅग, म्हणजे लघवीची पिशवी, रिकामी करते. साडेतीनशे मिली, चार्टवर नोंद. बॅग नेहमी पोटाच्या खालच्या उंचीवर, पण फरशीला टेकलेली नको.

मग कचरा. २०१६ च्या नियमांनुसार रंग ठरलेले आहेत. रक्ताचा कापूस, ड्रेसिंग पिवळ्यात. सलाइनच्या नळ्या, हातमोजे लाल पिशवीत. सुया पांढऱ्या, भोक न पडणाऱ्या डब्यात. काचेच्या बाटल्या निळ्यात. कापसाच्या ट्रेमध्ये कुणीतरी सुई टाकून गेलंय. ती हात न लावता चिमट्याने उचलते. हिपॅटायटिस बीचे दोन डोस तिचे झालेत. तिसरा सहाव्या महिन्यात असतो. कोर्स चौथ्यात संपतो. तारीख तिने मोबाइलमध्ये घालून ठेवली आहे.

दुपारी १.१०
डबा. भाकरी, मेथी, ठेचा. चहा दहा रुपये. बोलणं पगाराचंच निघतं. खासगी हॉस्पिटलात नव्या मुलीला नऊ-दहा हजार सांगतात. घरी जाऊन पेशंट सांभाळला तर बारा तासांचे सहाशे, त्यातून एजन्सीचं कमिशन वजा. बॅचमध्ये एक्केचाळीस वर्षांच्या एक ताई आहेत. नऊ वर्षं घरोघर पेशंट सांभाळलेत, कागद एकही नाही. त्यांच्या हातात पेशंट शांत पडून राहतो. फक्त उचलताना पाठीतून वाकायची सवय होती. ती इथे मोडली. आता गुडघ्यात वाकतात. दुखणं निम्मं झालं म्हणतात.

२.००
वर्ग. फरशीवर सीपीआरचा पुतळा. तीस दाब, दोन श्वास. मिनिटाला शंभर ते एकशेवीसचा वेग, छाती पाच ते सहा सेंटीमीटर आत. हिचं वजन चव्वेचाळीस किलो. हातांच्या जोराने दाबते, आणि खोल दाब बसला की होणारा आवाज होत नाही. "कोपरं ताठ ठेव, कमरेतून ये," सिस्टर म्हणतात. खांदे बरोबर छातीवर आणून पुन्हा. आता दर वेळी आवाज येतो. दोन मिनिटांनी जोडीदारीण बदलते. दमलेला हात वरवर दाबतो.

मग खाटेवरून व्हीलचेअर. चाकांचे ब्रेक, पायपट्ट्या वर, पेशंटची चांगली बाजू खुर्चीकडे. एकेकीची पाळी येते. पेशंट व्हायलाही सगळ्यांना लावतात. हिला उचललं तेव्हा पडायची भीती वाटली म्हणाली, आणि तेव्हापासून ती आधी सांगून मगच हात लावते.

४.३०
हजेरीचा अंगठा. साबण-सॅनिटायझरने बोटं फुटलीत, मशीन घेत नाही. चौथ्या वेळी घेतं. हजेरी कमी पडली तर परीक्षेला बसता येत नाही.

संध्याकाळी ६.४०
सिन्नर. आई विड्यांच्या जुड्या बांधते आहे. ही लॉगबुक लिहायला बसते: कूस किती वेळा, बीपी किती जणींचं, काय पाहिलं. नऊ नंबरच्या बाईंचा श्वास वेगळ्या ओळीत. सिस्टरची सही उद्या.

८.३०
परीक्षेला पाच आठवडे आहेत. पास झाली की बहुतेक पहिलं काम नाशिकमध्ये कुणाच्या तरी घरीच लागेल, बारा तासांचं. तुमच्या घरी अशी मुलगी आली, तर तिच्या जेवणाची वेळ, बसायची जागा आणि सुट्टीचा दिवस पहिल्याच दिवशी ठरवा. सहाशेतले तिच्या हातात किती पडतात, तेही विचारा.