सरहद्दीवरील एका घराण्याचा शोध : नोंदवह्या आणि आठवणी

पूर्वजांचा शोध घेणारा मनुष्य सहसा प्रथम नोंदवहीकडे वळतो. आपल्या धर्मग्रामाच्या बाप्तिस्मा-नोंदवहीत मुलाचे नाव, आईवडील, धर्मपिता आणि धर्ममाता एकाच ठिकाणी सापडतात आणि तो धागा धरून मागच्या पिढीपर्यंत जाता येते. परंतु ज्या कुटुंबाने दर दहा-वीस वर्षांनी बिऱ्हाड हलवले, जेथे चर्च नाही की कचेरी नाही अशा रानात वस्ती केली, त्याची वंशावळ कशी जुळवायची? अमेरिकेच्या सरहद्दीवर वसलेल्या घराण्यांचा अभ्यास करताना हा प्रश्न पदोपदी उभा राहतो. या लेखात आम्ही त्यांपैकी एकाच घराण्याचे उदाहरण घेत आहोत. शॉनी आणि चेरोकी लोकांच्या शिकारभूमीतून केंटकीकडे गोऱ्या वसाहतवाल्यांची वाट पाडणारे डॅनियल बून (१७३४-१८२०) यांचे हे घराणे होय.

बून मंडळी मूळची इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातील, धंद्याने विणकर. आजोबा जॉर्ज बून १७१७ साली सहकुटुंब फिलाडेल्फियास उतरले. ते क्वेकर पंथाचे होते. क्वेकरांत बाप्तिस्मा नाही, त्यामुळे बाप्तिस्म्याची नोंदवहीही नाही. तथापि ठिकठिकाणच्या मासिक सभा आपले इतिवृत्त कसोशीने लिहून ठेवत असत. कोण कोणाशी विवाह करू इच्छितो, कोणास समज देण्यात आली, कोण दुसऱ्या गावी निघाला, हे सारे त्यांत येई. गाव सोडणाऱ्याने मूळ सभेकडून सद्वर्तनाचे प्रमाणपत्र न्यावे असा दंडक होता. जॉर्ज बून यांनी इंग्लंडहून आणलेले असे प्रमाणपत्र पेनसिल्व्हेनियातील ग्विनेडच्या सभेपुढे ठेवले, याची नोंद झालेली आहे. महासागराच्या दोन्ही काठांवरील माणूस एकच, हे त्या एका नोंदीने सिद्ध होते. वंशावळ जुळवणाऱ्याच्या हाती याहून मोलाचे काही लागत नाही.

जॉर्ज यांचे पुत्र स्क्वायर बून यांचा विवाह १७२० साली सारा मॉर्गन यांच्याशी झाला. त्यांना ११ मुले झाली. डॅनियल हे सहावे. ‘स्क्वायर’ हे येथे पद नसून नाव आहे, आणि डॅनियल यांच्या एका भावाचेही तेच नाव होते. जॉर्ज, डॅनियल, स्क्वायर ही नावे शाखाशाखांतून इतक्या वेळा येतात की, पत्नीचे नाव आणि जमिनीचा ठावठिकाणा जुळल्याविना कोणताही स्क्वायर कोणत्याही बापाच्या नावापुढे मांडू नये.

डॅनियल यांच्या जन्मतारखेचेही असेच आहे. काही ठिकाणी २२ ऑक्टोबर १७३४, तर काही ठिकाणी २ नोव्हेंबर १७३४ अशी ती आढळते. यांत कोणाचीही चूक नाही. तेरावे पोप ग्रेगरी यांनी १५८२ साली सुधारलेली दिनदर्शिका इंग्लंड व त्याच्या वसाहतींनी १७५२ पर्यंत स्वीकारली नव्हती. बून यांच्या जन्मसमयी जुनी गणना चालू होती आणि दोहोंत ११ दिवसांचे अंतर होते. ते स्वतः अखेरपर्यंत ऑक्टोबरचीच तारीख सांगत राहिले. १७५२ पूर्वीची इंग्रजी वसाहतींतील तारीख हाती आली की ती कोणत्या गणनेची, हे आधी पाहिलेच पाहिजे.

पुढे या घराण्याचा लेखी धागा तुटतो, आणि तो का तुटतो याचे कारणही इतिवृत्तातच आहे. थोरल्या सारा या कन्येने १७४२ साली पंथाबाहेरील तरुणाशी विवाह केला. आईवडिलांनी सभेपुढे क्षमा मागितली आणि प्रकरण मिटले. १७४७ साली इस्राएल या पुत्रानेही तेच केले, तेव्हा मात्र स्क्वायर बून यांनी क्षमा मागण्याचे नाकारले. १७४८ साली सभेने त्यांना वगळले. दोनच वर्षांत कुटुंबाने पेनसिल्व्हेनिया सोडले व ते दक्षिणेस उत्तर कॅरोलायनातील यॅडकिन नदीच्या खोऱ्याकडे निघाले. एका बापाच्या करारीपणामुळे पुढच्या पिढ्यांच्या जन्मनोंदींचा आधार नाहीसा झाला, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

यापुढे आधार उरतो तो जमिनीच्या कागदांचा आणि न्यायालयाच्या दप्तराचा. रोवन परगण्यात स्क्वायर बून न्यायाधीश झाले. १४ ऑगस्ट १७५६ रोजी डॅनियल आणि रिबेका ब्रायन यांचा विवाह त्यांनीच लावला. केंटकीत तर एकाच जमिनीवर तीन-तीन दावेदार उभे राहत आणि वाद वर्षानुवर्षे चालत. अशा खटल्यांत डॅनियल बून यांनी अनेक साक्षी दिल्या. अमुक ओढा, तमुक झाड, तेथे मी अमक्या साली मुक्काम केला, अशा थाटाच्या त्या आहेत. जॉन फिल्सन यांनी १७८४ साली बून यांच्याच तोंडी घालून छापलेल्या अलंकारिक आत्मकथनापेक्षा या रुक्ष साक्षींत बून यांचा आवाज अधिक खरा वाटतो, असे आमचे मत आहे. जनगणनेचा मात्र येथे फारसा उपयोग नाही. केंटकीची १७९० ची जनगणना-पत्रके नष्ट झाली आहेत आणि १८५० पूर्वीच्या अमेरिकन जनगणनेत केवळ कुटुंबप्रमुखाचे नाव असे. बायको आणि मुले म्हणजे नुसते आकडे.

ही पोकळी भरून काढली ती आठवणींनी. लायमन ड्रेपर (१८१५-१८९१) या संग्राहकाने सरहद्दीवरील वृद्ध माणसे आणि त्यांचे वंशज यांना पत्रे लिहिली, त्यांच्या दारी जाऊन त्यांच्या हकिकती उतरवून घेतल्या. १८५१ साली मिसूरी राज्यात बून यांचे धाकटे पुत्र नेथन आणि स्नुषा ऑलिव्ह यांच्या घरी राहून त्यांनी घेतलेली टिपणे तीनशे पृष्ठांहून अधिक भरतात. बून यांचे चरित्र मात्र ड्रेपर यांच्या हातून कधीच पुरे झाले नाही. त्यांचा संग्रह आज विस्कॉन्सिन हिस्टॉरिकल सोसायटीकडे आहे.

या टिपणांचे वजन कसे करावे? नेथन यांचा जन्म १७८१ चा. मिसूरीतील जीवन त्यांनी डोळ्यांनी पाहिले. १७७८ चा बून्सबरोचा वेढा त्यांनी फक्त वडिलांच्या तोंडून ऐकला. दोन्ही गोष्टी ते सारख्याच विश्वासाने सांगतात, म्हणून हा भेद वाचणाऱ्यानेच करावा लागतो. शिवाय घराण्याच्या आठवणीला स्वतःचे मौनही असते. शॉनींच्या कैदेतून परतल्यावर १७७८ साली बून यांच्यावर शत्रूस सामील झाल्याचा आरोप ठेवून लष्करी चौकशी झाली. ते निर्दोष सुटले आणि त्यांना बढतीही मिळाली. फिल्सन यांच्या पुस्तकात याचा उच्चारही नाही. आपल्याला हे कळते ते डॅनियल ट्रेब्यू या त्या वेळी हजर असलेल्या माणसाने म्हातारपणी लिहिलेल्या आठवणींमुळे. घरच्यांनी जे झाकले ते परक्याने सांगितले.

आता सर्वांत नाजूक प्रश्न. जेमायमा ही बून दांपत्याची कन्या १७६२ साली जन्मली. बून दीर्घकाळ घरी नव्हते, ते मेले असे समजून रिबेका यांनी दीर एडवर्ड ऊर्फ नेड यांचा आधार घेतला आणि ही मुलगी त्यांची, अशी कुजबुज सरहद्दीवर फार वर्षे चालली होती. ड्रेपर यांच्याकडे तिचे निरनिराळे पाठ आले. बून किती काळ दूर होते, याविषयी सांगणाऱ्यांत एकवाक्यता नाही. तपशील असा हलत राहिला की ऐकीव गोष्टीचा संशय बळावतो. उलट बाजूने पाहता, ती खोटी ठरवील अशी जन्मनोंदही नाही. आजकाल अनेकांस डीएनए चाचणीचा भरवसा वाटतो. परंतु येथे संशयित पिता आणि मानलेला पिता सख्खे भाऊ. बापाकडून मुलाकडे जाणारे गुणसूत्र मुलीला मिळत नाही. आईकडून येणारा वारसा रिबेका यांच्यापाशीच पोहोचतो. आणि इतक्या पिढ्यांनंतर दोन सख्ख्या भावांच्या वंशजांत उरलेल्या अंशांवरून निवाडा होणे नाही.

ज्यांच्या अब्रूचा हा प्रश्न, त्या रिबेका यांना लिहिता येत नव्हते. दहा मुलांची ही आई आपल्या बाजूने एक ओळही मागे ठेवू शकली नाही. म्हणून वंशावळीत जेमायमा यांच्या वडिलांच्या जागी डॅनियल हेच नाव लिहावे, असे आम्हांस वाटते, आणि ते केवळ सौजन्यापोटी नव्हे. १७७६ च्या जुलैमध्ये शॉनी व चेरोकी योद्ध्यांनी जेमायमास पळवले, तेव्हा पाठलाग करून डॅनियल यांनीच तिला परत आणले. १७७८ साली वडील मेले असे समजून आई माहेरच्या मुलखात परतली, तरी जेमायमा बून्सबरोतच राहिली. पुढे ती मिसूरीतही त्यांच्या पाठोपाठ गेली. १८१३ साली रिबेका यांनी प्राण सोडला तो तिच्याच घरी. हे सर्व घटनांनी सिद्ध आहे. कुजबूज मात्र कुजबूजच राहिली.

मिसूरीचा उल्लेख आला म्हणून एक सूचना. १७९९ साली बून तेथे गेले तेव्हा तो मुलूख स्पेनच्या ताब्यात होता आणि तेथे वसणाऱ्याने कॅथलिक असावे असा नियम होता. तो फारसा कडकपणे पाळला जात नसे. तेव्हा त्या काळच्या स्पॅनिश दप्तरात एखादा पूर्वज ‘कॅथलिक’ म्हणून दिसला, तर तेवढ्यावरून त्याची श्रद्धा ठरवू नये. जमीन मिळवण्याची ती अटही असू शकेल.

बून यांच्या थोरल्या पुत्राची, जेम्सची, मृत्युनोंद कोठेही नाही. १० ऑक्टोबर १७७३ रोजी केंटकीच्या वाटेवर तो मारला गेला. त्याचे अखेरचे क्षण ज्याच्यामुळे कळले तो ॲडम नावाचा गुलाम होता. नदीकाठी वाहून आलेल्या लाकडांच्या ढिगात लपून त्याने सर्व पाहिले आणि रानात अनेक दिवस भटकून तो परतला. बून घराण्याच्या प्रत्येक इतिहासात त्याची ही साक्ष येते. परंतु त्याचे आडनाव, आईबाप, मुलेबाळे यांविषयी तीत काही नाही. गुलामांची गणना करपत्रकांत संख्येने होई आणि मृत्युपत्रांत मालमत्तेबरोबर. अमेरिकेच्या जनगणनेत त्या समाजातील सर्वांची नावे प्रथम उतरली ती १८७० साली, ॲडमने साक्ष दिल्यानंतर ९७ वर्षांनी.