गालिच्यावर चीक सांडलाय? रॉकेल नको, खोबरेल घ्या!

मे महिन्यात आगरदांड्याच्या घरांत दोन चिकट गोष्टी हमखास शिरतात. एक, परसातल्या फणसाचा चीक. दुसरी, मुरूडच्या पुळणीवरून मुलांच्या पायांना लागून येणारे डांबर. समुद्रात सांडलेले तेल घट्ट होते आणि पावसाळ्याच्या तोंडावर त्याचे गोळे कोकणच्या किनाऱ्याला लागतात. दोन्ही गोष्टी बैठकीतल्या गालिच्यावर पडल्या की आधी साबण लावून पाहिला जातो, आणि तो हरला की रॉकेल किंवा पेट्रोल काढले जाते.

साबणपाणी का हरते? फणसाच्या चिकात रबरासारखे आणि राळेसारखे घटक असतात, तर डांबर खनिज तेलाचेच भावंड. दोन्ही पाण्यात विरघळत नाहीत, तेलात मात्र मऊ पडतात. फणस फोडण्याआधी आपल्याकडे हाताला आणि सुरीला खोबरेल लावतात, ते याचसाठी. गालिच्यालाही हाच नियम लागू पडतो.

काय करावे?

प्लॅस्टिकच्या पिशवीत बर्फ घालून डागावर दहा-पंधरा मिनिटे ठेवा. चीक कडक झाला की चमच्याच्या बोथट कडेने खरवडा. च्युइंगम आणि मेणही असेच निघते. उरलेल्या डागावर कापडाने थोडे खोबरेल लावा; आधी कोपऱ्यात लावून रंग जात नाही ना, ते पाहा. कडेकडून मध्याकडे टिपत या, घासू नका. शेवटी कोमट पाण्यात भांड्यांच्या द्रव साबणाचे काही थेंब घालून तेल टिपून घ्या. साबणाच्या कणाचे एक टोक तेल धरते, दुसरे पाणी. म्हणून आता तो उपयोगी पडतो. गुळाचा पाक सांडला असेल तर तेल नको, कोमट पाणी पुरे.

गालिचा पंख्याखाली त्याच दिवशी पूर्ण वाळवा. दमट हवेत ओला राहिला तर बुरशी धरते आणि दमेकऱ्यांना त्रास होतो.

रॉकेल-पेट्रोल का नको?

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते आणि स्वयंपाकघरातल्या ज्योतीपर्यंत पोहोचू शकते. पाण्याच्या बाटलीत ठेवलेले रॉकेल लहान मूल पाणी समजून पिते. ते पातळ असल्याने घशातून सहज श्वासनलिकेत उतरते आणि फुप्फुसांना सूज येते.

असे घडल्यास मुलाला उलटी करायला लावू नका; उलटीबरोबर रॉकेल पुन्हा फुप्फुसात जाते. मीठ-पाणीही पाजू नका. अंगावर सांडलेले कपडे काढून त्वचा धुवा आणि मूल ठीक दिसत असले तरी लगेच रुग्णालय गाठा. खोकला किंवा धाप लागली असेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.