धारणीय वेग आणि योगचिकित्सा : शोक, भय व क्रोध यांचा व्यवहार्य विचार

अम्लपित्त, अनिद्रा, शिरःशूल, हृद्द्रव, वारंवार बिघडणारा कोठा अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या रुग्णांची संख्या प्रत्येक वैद्याच्या चिकित्सालयात मोठी असते. आहारविहाराची चौकशी होते, योग्य कल्प दिले जातात, काही दिवस उपशयही मिळतो आणि महिन्याभराने तोच रुग्ण तीच तक्रार घेऊन पुन्हा समोर येऊन बसतो. अशा वेळी हेतूचा शोध नव्याने घेतला, तर तो ताटात नसून मनात दडलेला आहे असे अनेकदा आढळते. चिंता, शोक, भय, क्रोध, दुःखशय्या व जागरण असेल तर पथ्यकर आणि मात्रेत घेतलेले अन्नही पचत नाही, हे चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या दुसऱ्या अध्यायात सांगून ठेवले आहे. सूत्रस्थानातील अग्र्यसंग्रहात तर रोग वाढविणाऱ्या भावांमध्ये विषादाला अग्रस्थान दिले आहे. असे असूनही आपल्या केसपेपरवर मानस हेतूसाठी किती ओळी खर्च होतात, याचा विचार प्रत्येकाने करावा. या हेतूवर योगचिकित्सेचा उपयोग कसा करता येईल आणि तो कोठे थांबवावा, याची चर्चा प्रस्तुत लेखात करीत आहोत.

धारण म्हणजे दडपणे नव्हे

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात अधारणीय आणि धारणीय अशा दोन्ही वेगांचा विचार आहे. अधारणीय वेग तेरा. धारणीय वेगांपैकी मनाचे म्हणून लोभ, शोक, भय, क्रोध, मान, निर्लज्जता, ईर्ष्या, अतिराग आणि अभिध्या हे नऊ सांगितले आहेत. येथे एक गोष्ट सहज नजरेतून निसटते. शोक हा धारणीय वेगांत आहे, परंतु बाष्प म्हणजे अश्रू हा मात्र अधारणीय वेगांत आहे. म्हणजेच शोकाच्या आहारी जाऊ नये, पण आलेले रडू कोंडूही नये, असा आचार्यांचा सूक्ष्म विवेक आहे. बाष्पवेग अडविल्याने प्रतिश्याय, नेत्ररोग, हृद्रोग, अरुचि व भ्रम होतात असे चरक सांगतात. वाग्भटांनी त्यात शिरःशूल आणि मन्यास्तंभ यांचीही भर घातली आहे.

या भेदाला व्यवहारात फार मोल आहे. ‘मन घट्ट करा’, ‘रडू नका’, ‘राग गिळा’ हा उपदेश घरोघरी मिळतो आणि रुग्ण त्यालाच संयम समजतो. वस्तुतः धारण म्हणजे वेग ओळखणे, त्याच्या भरात वाणी व शरीर यांची कृती होऊ न देणे आणि त्याला हळूहळू उपशमाकडे नेणे. दडपलेला वेग नाहीसा होत नाही. तो वायूला प्रतिलोम करून कोष्ठात, हृदयात वा मन्येत बिऱ्हाड करतो. ज्वरचिकित्सेत काम, शोक व भय यांनी वायू आणि क्रोधाने पित्त प्रकुपित होते असे म्हटले आहे. योगक्रियांची निवड करताना हाच दोषविचार मार्गदर्शक ठरतो.

योगशास्त्राची दृष्टी

मानस दोषांवर ज्ञान, विज्ञान, धैर्य, स्मृती व समाधी हे उपाय चरकांनी सांगितले आहेत. अहित विषयांपासून मनाचा निग्रह म्हणजे सत्त्वावजय. हा निग्रह प्रत्यक्ष कसा साधावा, याची पायऱ्यापायऱ्यांची रीत पातंजल योगसूत्रांत मिळते. चित्तविक्षेपाच्या सोबत दुःख, दौर्मनस्य, अंगाची अस्थिरता आणि श्वासप्रश्वासाची विषमता ही चार लक्षणे येतात असे पतंजली सांगतात. या चौघांपैकी पहिली दोन रुग्णाच्या हाती सहसा लागत नाहीत. शेवटची दोन मात्र लागतात. ‘दुःखी होऊ नका’ असे सांगून कोणी सुखी झाल्याचे ऐकिवात नाही, परंतु ‘श्वास सावकाश सोडा’ हे कोणालाही करता येते. चित्ताला हात घालण्यासाठी अंग आणि श्वास ही दोन दारे आहेत, हेच योगचिकित्सेचे मर्म होय.

द्वेष व ईर्ष्या यांच्यासाठी मैत्री, करुणा, मुदिता व उपेक्षा या चार भावना आणि प्रतिपक्षभावना हा उपाय योगसूत्रांत आहे. चरकांच्या उन्मादचिकित्सेतही काम, शोक, भय, क्रोध, हर्ष, ईर्ष्या व लोभ यांपासून उद्भवलेल्या विकारांचे शमन परस्परविरोधी भावांनी करावे असे सांगितले आहे. दोन्ही शास्त्रांची चाल येथे एकच आहे.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यास १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू करून योगक्रियांना प्रयोगशाळेत आणले. डॉ. विनेकर यांच्यासह त्यांनी लिहिलेला योगोपचाराच्या मूलतत्त्वांवरील ग्रंथ १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. योगोपचार हा काही कालपरवाचा फॅशनेबल प्रकार नव्हे, हे रुग्णास सांगताना एवढा आधार पुरेसा आहे.

अभ्यास काय सांगतात

२००१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ या नियतकालिकात इटलीतील संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जपमाळेवरील ख्रिस्ती प्रार्थना आणि ‘ॐ मणि पद्मे हुं’ हा मंत्र म्हणताना श्वासाची गती मिनिटास सुमारे ६ पर्यंत येते आणि रक्तदाबाचे नियमन करणारी प्रतिक्षिप्त क्रिया अधिक सक्षम होते, असे त्यात दिसून आले. सावकाश जप, ओंकार वा दीर्घ रेचक यांनी ‘बरे वाटते’ असे रुग्ण म्हणतो, त्यामागे असे शारीर कारण आहे.

दुसरा अभ्यास अमेरिकेतील असून २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. सतत चिंतेने ग्रासलेल्या २२६ रुग्णांचे तीन गट करून त्यांना १२ आठवडे उपचार देण्यात आले. कुंडलिनी योगाच्या गटात सुमारे ५४ टक्के, विचार व वर्तन यांवर काम करणाऱ्या मानसोपचाराच्या गटात सुमारे ७१ टक्के, तर केवळ ताणतणावाविषयी शिक्षण दिलेल्या गटात ३३ टक्के रुग्णांना लक्षणीय सुधारणा झाली. या आकड्यांचा प्रामाणिक अर्थ असा की, योगाने निश्चित लाभ होतो, पण तो मानसोपचाराची बरोबरी करतो असे यावरून म्हणता येत नाही. रुग्णासमोर दावा करताना हे भान ठेवावे, असे आमचे नम्र मत आहे.

व्यवहारातील योजना

क्रोध : येथे पित्त व रज यांचे प्राधान्य असते. वेगाच्या क्षणी आसनावर बसण्यास सांगणे व्यर्थ आहे. प्रथम जागा सोडावी, दोन फेऱ्या चालावे, गार पाण्याने तोंड, हात व पाय धुवावेत. मग पूरकाच्या दुप्पट रेचक करावा. चार मात्रा श्वास घेणे, आठ मात्रा सोडणे, अशी दहा आवर्तने पुरतात. मात्रा एका सेकंदाची धरली तर दोन मिनिटांत हे होते. नित्य अभ्यासात शशांकासन, मकरासन, चंद्रभेदन आणि शीतली यांची योजना करावी. थंडीच्या दिवसांत आणि कफकास वा तमकश्वास असलेल्यांत शीतली टाळावी. कपालभाती, भस्त्रिका व सूर्यभेदन या क्रिया पित्तप्रधान क्रोधी रुग्णास देऊ नयेत. दूरचित्रवाणी पाहून सर्वच रुग्ण कपालभाती करीत असतात, म्हणून हे मुद्दाम विचारून घ्यावे.

भय व चिंता : येथे वायूचे प्राधान्य. आधी अंग स्थिर, मग श्वास, हा क्रम सोडू नये. तिळाच्या कोमट तेलाने पादाभ्यंग, नंतर तळपाय जमिनीवर घट्ट रोवून ताडासन, भिंतीच्या आधाराने केलेले विपरीतकरणी आणि मग भ्रामरी व ओंकार. कुंभक सांगू नये. भयाचा झटका येणाऱ्या रुग्णास श्वास रोखणे म्हणजे गुदमरणे वाटते आणि भय उलट वाढते. अशा रुग्णास आरंभी डोळे मिटण्याचाही आग्रह धरू नये. समोर समईची ज्योत किंवा भिंतीवरील एखादी खूण पाहत त्याने श्वास मोजावा.

शोक : येथे घाई सर्वांत घातक. ताज्या शोकात आप्तांची सोबत, वेळेवर मऊ अन्न, झोप आणि रडण्याची मोकळीक एवढीच चिकित्सा. बाष्पनिग्रहजन्य विकारांत निद्रा व प्रियकथा यांचा उल्लेख आचार्यांनी केला आहे, तो येथे अक्षरशः पाळावा. शोक जुना होऊन तमाने जडत्व आले, सकाळी उठवेना, बोलणे नकोसे झाले, म्हणजे सावकाश सूर्यनमस्कार, भुजंगासन, सेतुबंधासन अशा छाती मोकळी करणाऱ्या क्रिया सकाळच्या उजेडात द्याव्यात. अशा रुग्णास दीर्घ शवासन व एकांतातील ध्यान देऊ नये. रिकाम्या मनात तेच ते विचार फिरत राहतात.

एक उदाहरण नमूद करतो. पतीच्या आकस्मिक निधनानंतर आठ महिन्यांनी सुमारे पन्नाशीच्या एक बाई मन्यास्तंभ, शिरःशूल व अरुचि या तक्रारी घेऊन आमच्याकडे आल्या. मानेचा एक्स-रे वयानुरूप होता. ‘डॉक्टर, मी रडले तर पोरं खचतील,’ हे त्यांचे वाक्य आम्ही केसपेपरवर जसेच्या तसे लिहून घेतले, कारण निदान त्यात होते. स्नेहन, मृदु स्वेदन व नस्य यांसोबत केवळ दीर्घ रेचक आणि आधार देऊन केलेले सेतुबंधासन शिकविले. तिसऱ्या भेटीत रेचक करता करता त्यांना रडू कोसळले. सोबत आलेल्या बहिणीने त्यांचा हात धरला, आम्ही गप्प राहिलो. पुढे मान हलकी झाली आणि सहाव्या आठवड्यापर्यंत झोप सुधारली. दुःख संपले असे त्यांनी म्हटले नाही. ‘आता सोसवतं,’ एवढेच म्हणाल्या. योगचिकित्सेकडून यापेक्षा अधिक अपेक्षा धरू नये आणि हे थोडकेही मानू नये.

सर्वसाधारणपणे रोज २० मिनिटे, एकाच वेळी, पोट हलके असताना अभ्यास करावा. एका वेळी तीनपेक्षा अधिक क्रिया लिहून देऊ नयेत. पंधरा दिवसांनी रुग्णाने त्या आपल्यासमोर करून दाखवाव्यात. उच्च रक्तदाब, हृद्रोग, काचबिंदू व गर्भिणी अवस्था यांत कपालभाती, कुंभक व डोके खाली येणारी आसने वर्ज्य करावीत. अयुक्त प्राणायामाने श्वास, कास, उचकी व शिरोवेदना होतात, हा हठप्रदीपिकेचा इशारा विसरू नये.

औषधी विक्रेत्या बांधवांसाठी

पुष्कळ लोक वैद्याकडे न जाता थेट दुकानात ‘झोपेचे काहीतरी आयुर्वेदिक द्या’ असे म्हणतात. ब्राह्मी, जटामांसी, शंखपुष्पी व अश्वगंधा यांचे कल्प आपल्या फळीवर असतात आणि युक्तीने दिल्यास ते उपयुक्तही आहेत. परंतु तीन पथ्ये पाळावीत. पहिले, सर्पगंधायुक्त गोळ्या वैद्याच्या लेखी सूचनेविना देऊ नयेत. त्यातील रिसर्पिन हे द्रव्य रक्तदाब उतरविते आणि विषादग्रस्त रुग्णास ते वर्ज्य मानले जाते. दुसरे, ब्राह्मी आणि मंडूकपर्णी, जटामांसी आणि तगर यांची बाजारात होणारी अदलाबदल लक्षात घेऊन माल पारखून घ्यावा. तिसरे, तोच ग्राहक तेच औषध तिसऱ्यांदा मागू लागला, की त्यास बाटली देण्यापूर्वी वैद्याकडे पाठवावे. एक विक्री कमी होईल, पण विश्वास वाढेल.

मर्यादा ओळखणे

रुग्ण जगण्याचा कंटाळा आल्याचे बोलत असेल, आवाज ऐकू येतात वा कोणी पाठलाग करते असे सांगत असेल, अनेक दिवस झोप नसूनही अतिउत्साही असेल, प्रसूतीनंतर बाळाकडे पाहत नसेल किंवा व्यसनात बुडत असेल, तर योगासनांचा कागद हाती देऊन त्यास घरी पाठविणे योग्य नाही. मरणाचे विचार येतात का, हे स्पष्ट शब्दांत विचारावे. विचारल्याने तो विचार मनात शिरतो ही समजूत निराधार आहे. उत्तर होकारार्थी असल्यास नातेवाइकांना विश्वासात घ्यावे, रुग्णास एकटे सोडू नये व त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवावे. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक चिकित्सालयात आणि औषधी दुकानात दर्शनी भागी लावावा. तसेच मानसोपचारतज्ज्ञांनी दिलेली औषधे योगाभ्यास सुरू झाला म्हणून अचानक बंद करण्यास कदापि सांगू नये. चिकित्सेतील साध्यासाध्य विवेक आपल्याच शास्त्राने शिकविला आहे, तो येथे पाळणे यात कोणताही कमीपणा नाही.

वैद्यबंधूंनो, नाडी पाहताना रुग्णाचा हात आपल्या हातात असतो. तेवढ्या वेळात ‘घरी सर्व ठीक आहे ना?’ एवढा प्रश्न विचारावा आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. उत्तर मिळाले तर हेतू सापडला. पुढील क्रिया, कल्प व पथ्य यांची योजना त्या हेतूवरूनच ठरवावी. आपापल्या चिकित्सालयात अशा रुग्णांच्या नोंदी, कोणती क्रिया, किती दिवस, काय उपशय व काय अनुपशय, या क्रमाने ठेवाव्यात आणि शाखेच्या बैठकीत त्यांची चर्चा व्हावी, अशी सर्वांना विनंती आहे.